उसाकडं तोंड करून

ओतूरजवळच्या आमच्या रानात कांदा लावायला दहा बायका आल्या. नऊजणी वाकून रोपं लावू लागल्या. दहावी, साठीची असेल, हातात काठी घेऊन शेजारच्या उसाकडं तोंड करून उभी राहिली. तास झाला तरी जागची हलेना. हिलाही मजुरी द्यायची, या विचारानं माझं डोकं फिरलं.

"मावशी, तुमी नुसत्याच उभ्या?"

तिनं मान वळवली नाही. "वाकलेल्या बाईवर बिबट्या येतो, भाऊ. मी उभी हाय म्हणून या खाली बघून लावत्यात. मी वाकले, तर धाच्या धा उसाकडंच बघत बसतील."

मागच्या साली बायका दर चार रोपांनी माना वर करायच्या आणि मी त्यांना आळशी म्हणायचो. तेव्हा या वावराला दोन दिवस लागले होते. यंदा दुपारपर्यंतच निम्म्याहून जास्त वाफे झाले.

पाणी प्यायला जाताना तिनं काठी माझ्या हाती दिली. मी उसाकडं तोंड करून, छाती काढून उभा राहिलो. ऊस जरासा सळसळला. मी चटकन मागं वळून बायकांकडं पाहिलं.

नऊच्या नऊ बायका हात थांबवून, माना वर करून उसाकडं बघत होत्या.