ऑफिसातली हिरवी पाटी

पर्यावरण हा शब्द आमच्या ऑफिसात साहेबांनी मुंबईहून आणला. तिथं जाहिरातवाल्यांचं कसलंसं संमेलन होतं. साहेब चार दिवस जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. सगळे म्हणजे मी, गुरुजी, भिंती रंगवणारे दोघं भाऊ आणि झाडलोट करणाऱ्या मावशी.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. उस्मानाबादेत बसस्टँडमागं एका अडत दुकानाच्या माडीवर आमच्या जाहिरात एजन्सीच्या तीन खोल्या होत्या. एजन्सी हा शब्द साहेबांचा. आम्ही करायचो ती कामं म्हणजे टॉकीजमधल्या स्लाइडी, एस.टी.च्या पाठीमागच्या पाट्या, सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा, बी-बियाणांच्या जाहिरातींनी रंगवलेल्या भिंती आणि पुढाऱ्यांच्या स्वागताचे कापडी फलक. मी पेंटर होतो. भूमकडच्या एका खेड्यातला. बहात्तरच्या दुष्काळात, शाळेत असताना, आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेलो होतो. पुढं चित्रकलेचा कोर्स केला आणि इथं लागलो. गुरुजी निवृत्त मास्तर होते, मजकूर लिहायचे आणि दुसऱ्याच्या मजकुरातल्या वेलांट्या दुरुस्त करायचे.

साहेब म्हणाले, "मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीच्या ऑफिसात मी पाटी बघितली. माणसं तिथं पर्यावरण पाळतात. आपण मागं का राहायचं?"

त्यांनी खिशातून कागद काढून गुरुजींना दिला. कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्या. खोली सोडताना दिवा-पंखा बंद करावा. शक्यतो ऑफिसला पायी यावं. पाणी जपून वापरावं. मला हुकूम झाला की नव्याकोऱ्या प्लायवुडवर हिरव्या ऑइलपेंटनं हे सगळं लिहायचं, वर एक झाड काढायचं.

मी म्हणालो, "साहेब, जुन्या पत्र्याच्या पाट्या पडून आहेत. त्यातल्या एकीवर लिहू का?"

"जुन्यावर पर्यावरण लिहितात का रे?"

मी प्लायवुडवर लिहिलं. गुरुजींनी चष्मा सावरून पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे. शुद्धलेखनाची चूक नाही." एवढंच म्हणाले आणि जाऊन बसले.

त्या पाटीवरचा एकही नियम आम्हाला नवा नव्हता. कागदाच्या एका बाजूला मी पेन्सिलीनं आराखडा काढायचो, पाठीमागं गुरुजी मजकुराचा कच्चा खर्डा करायचे आणि मग तो कागद किराणा दुकानात पुड्या बांधायला जायचा. दिवे-पंखे बंद करायचं काम वीज मंडळ आमच्याआधीच करायचं. पायी सगळेच यायचे. वाहन एकच होतं, साहेबांची जीप. तिची बॅटरी मेलेली असायची म्हणून साहेब वर बसून पत्रं सांगत असले की खाली ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवायचा. पंधरा-पंधरा मिनिटं त्या धुराचा वास माडीवर यायचा आणि आम्ही हिरव्या पाटीखाली बसून तो घ्यायचो.

राहिलं पाणी. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. नळ चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेनं. ऑफिसचं टिपाड भरायचं काम मावशींचं. त्या अणदूरकडच्या, नवरा वारलेला, गावात बहिणीच्या शेजारी खोली घेऊन राहायच्या. माझं गाव विचारून, घरचं विचारून झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हळूच "जय भीम" घातला होता आणि तेव्हापासून त्या मला अरे-तुरे करायच्या. रोज सकाळी लांबच्या हापशावरून त्या दोन घागरी घेऊन जिना चढायच्या. साहेबांसाठी पाण्याचा माठ वेगळा होता, तो त्यांच्या घरून यायचा. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

पाणी कसं वापरायचं ते त्या ऑफिसात फक्त मावशींना माहीत होतं. मागच्या खोलीत त्यांनी तुपाचे तीन रिकामे डबे मांडले होते. डिस्टेंपरचा ब्रश आधी पहिल्या डब्यात धुवायचा, मग दुसऱ्यात, शेवटी तिसऱ्यात. पहिल्याचं पाणी घट्ट झालं की ते भिंतीच्या अस्तराला वापरायचं, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात ओतायचं आणि चांगलं पाणी फक्त तिसऱ्यात घालायचं. पहिल्यांदा मी सरळ टिपाडातलं पाणी घेतलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. "पेंटर, हे पाणी म्या डोक्यावर आणलंय. तुझ्या बुरशासाठी न्हाय."

पुढाऱ्याचा दौरा उरकला की फलकाचं कापड त्या सोड्यात उकळून काढायच्या. त्याच्या पिशव्या व्हायच्या, फडकी व्हायची, उरलेल्याची वाकळ. त्यांच्या खोलीवर मी एकदा गेलो होतो तेव्हा खाटेवरच्या वाकळेवर 'हार्दिक स्वा' एवढी अक्षरं फिकट दिसत होती.

पाटी लागून महिना झाला असेल. साहेबांच्या कानावर आलं की सरकारचं एक खातं जिल्ह्यात 'पाणी वाचवा, झाडे लावा' अशी मोहीम काढणार आहे आणि काम कुणाला द्यायचं ते ठरवायला दोन अधिकारी प्रत्येक एजन्सीचं ऑफिस बघणार आहेत. लातूरची एक एजन्सीही उतरली होती. मग साहेबांच्या अंगात पर्यावरण आलं. त्यांनी नर्सरीतून निलगिरीच्या डझनभर कुंड्या आणवल्या आणि जिन्यावर पायरीपायरीला ठेवल्या. त्या कुंड्यांना मावशींनी रोज आणखी दोन घागरी आणायच्या असं ठरलं. मुंबईच्या ऑफिसात होत्या तशा तीन रंगीत कचराकुंड्या सोलापूरहून आल्या. त्यांत टाकायला कचरा नव्हता, म्हणून साहेबांनी मला एका कुंडीत थोडे कागद चुरगाळून टाकायला सांगितले. चांगले, एका बाजूनं कोरे कागद. मी टाकले.

अधिकाऱ्यांना दाखवायला एक पोस्टर तयार हवं होतं. साहेबांच्या डोळ्यांपुढं चित्र पक्कं होतं. भेगाळलेली जमीन, बाईच्या हातातली घागर आणि घागरीतून उसळणारं पाणी. "पाणी उसळलं पाहिजे. त्याशिवाय बघणाऱ्याला त्याची किंमत कळत नाही," ते म्हणाले. सोलापूरहून फोटोग्राफर आला. बाई म्हणून मावशींना उभं केलं, गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यात. साहेबांसोबत मी आणि गुरुजी होतो, जीपमधून पाण्याच्या दोन घागरी आणल्या होत्या.

पहिल्या वेळी मावशींनी घागर कलती केली, पाणी जमिनीवर पडलं, पण फोटोग्राफरचं बटण उशिरा दाबलं गेलं. घागरीत निम्मं होतं, ती दुसऱ्या घागरीतून पुन्हा भरली. दुसऱ्या वेळी ऊन ढगात गेलं. भेगांनी ते पाणी असं ओढून घेतलं की पाच मिनिटांनी तिथं नुसता काळा डाग होता.

फोटोग्राफर म्हणाला, "अजून एकदा लागेल. यावेळी जोरात."

मावशींनी घागर खाली ठेवली. "साहेब, तुमी पाणी वाचवा म्हनायलाव न्हवं?"

"हो. मग?"

"मग रिकाम्या घागरीचा फोटू काढा की. ते लोकाला लवकर कळंल."

साहेब हसले. फोटोग्राफरकडं बघत म्हणाले, "बघा, आता ह्यांनी मला जाहिरात शिकवायची राहिली होती." मग आवाज बदलून मावशींना म्हणाले, "तुला विचारलंय का? धर ती घागर."

मावशींनी घागर उचलली, कमरेवर घेतली आणि गावाच्या दिशेनं चालू लागल्या. घाईनं नाही, रोज हापशावरून यायच्या तशाच चालीनं. घागरीच्या तळाला उरलेलं पाणी त्यांनी ऑफिसच्या टिपाडात ओतलं, असं मला नंतर अडत दुकानदारानं सांगितलं.

माझ्या आयुष्यात काही क्षण असे आहेत की तिथं मी काहीच न करता नुसता उभा राहिलो असतो तरी बरं झालं असतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी चोवीस वर्षांचा, हाडकुळा, मनगटं बारीक. ते फोटोग्राफरला म्हणाले, "चेहरा नको. नुसता हात घेऊ." ड्रायव्हर जीप घेऊन गेला आणि बाजारातून नव्या बांगड्या, ऑफिसच्या टिपाडातून दोन घागरी पाणी घेऊन आला. मी बांगड्या चढवल्या. दोन बसल्या, तिसरी फुटली. गुरुजी पाठ करून तळ्याच्या दुसऱ्या काठाकडं बघत राहिले. मी घागर जोरात कलती केली, पाणी उसळलं. फोटोग्राफर खूश झाला आणि साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

अधिकारी यायच्या दिवशी साहेबांनी मावशींना सुटी दिली. "आज तू येऊ नको," एवढंच. मागची खोली मोकळी केली. उकळलेल्या कापडांचा ढीग गच्चीवर गेला. गंजलेले तीन डबे रंगवणाऱ्या भावांपैकी थोरल्यानं कुठंतरी नेऊन टाकले. त्या जागी साहेबांनी नवं स्टूल आणि त्यावर निलगिरीची एक कुंडी ठेवली.

दोन अधिकारी आले. थोरले उतारवयातले, धोतर-कोट घातलेले, कमी बोलणारे होते. त्यांनी पाटी वाचली, पोस्टरचा नमुना बघितला, रंगीत कचराकुंड्या बघितल्या. मग ते मागच्या खोलीत आले, भिंतीवरचे रंगाचे ओघळ बघितले आणि साहेबांना विचारलं, "ब्रश कुठं धुता तुम्ही? रंगकामाला पाणी पुष्कळ जात असेल."

साहेबांना ठाऊक नव्हतं. सात वर्षं त्यांची एजन्सी होती आणि ब्रश कुठं धुतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडं बघायला लागले.

मी सांगितलं. पहिला डबा, दुसरा डबा, तिसरा डबा. घट्ट पाणी अस्तराला. कापड सोड्यात उकळून पुन्हा वापरात. मी चांगलं सांगितलं, चित्र काढून दाखवावं तसं. ऐकताना त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. त्यांनी विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "ही आमच्या एजन्सीची पद्धतच आहे. सुरुवातीपासूनची."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. विचारणारं असं ते बघणं होतं. मी म्हणालो, "हो."

काम आम्हाला मिळालं. मोहिमेच्या छापील पत्रकात शेवटच्या पानावर 'तीन डब्यांची पद्धत' अशी चौकट आली, खाली एजन्सीचं नाव. चौकट गुरुजींनीच लिहिली. पगार घेतात त्यांना लिहावंच लागतं, त्यांना मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या. मागच्या खोलीत जाऊन परत आल्या आणि मला विचारलं, "डबे कुठं हाईत?"

मी सांगितलं, टाकले. मग, का कुणास ठाऊक, सगळंच सांगितलं. अधिकाऱ्यांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, साहेब काय म्हणाले. वाटलं होतं त्या चिडतील, मला दोन शब्द लावतील आणि मग मी मोकळा होईन. त्यांनी ऐकून घेतलं. "व्हय का," म्हणाल्या आणि जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. त्या दिवसापासून त्या मला तुम्ही म्हणायला लागल्या.

पोस्टरं छापून आली. गावोगाव चिकटवायचं काम आमच्याकडंच होतं. भूमच्या आठवडी बाजारात मी पंचायतीच्या भिंतीला एक डकवत होतो. टँकरच्या रांगेतली माणसं भांडी खाली ठेवून बघायला आली. कुणी वाचलं, कुणी नुसतं चित्र बघितलं. एक म्हातारी बराच वेळ माझ्या त्या बांगड्यांच्या हाताकडं बघत होती.

"ह्या बाईनं कंदी घागर उचलल्याली दिसत न्हाय," ती शेजारणीला म्हणाली. "आन् बग, पाणी कसं सांडायलीय."

शेजारीण म्हणाली, "साहेबाची बायकू असंल." दोघी रांगेत परत गेल्या. मी खळीचा डबा उचलला आणि पुढच्या भिंतीकडं गेलो. जाहिरातीच्या धंद्यात मी त्यानंतर दोन वर्षं काढली, मग शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. इतकं खरं समीक्षण माझ्या कुठल्याही कामाचं पुढं झालं नाही.

निलगिरीच्या कुंड्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळल्या. तोवर मोहिमेचं शेवटचं बिल निघालेलं होतं, त्यामुळं कुणी त्या हलवल्याही नाहीत. पुढं साहेब त्यांच्या भाषणांत 'आम्ही तेव्हापासूनच पर्यावरण जपतो' असं म्हणायचे. टाळ्या पडायच्या. मी ऐकलंय.

मावशी कुंड्या वाळायच्या आधीच गेल्या. एका सकाळी टिपाड रिकामं दिसलं. दुपारी गुरुजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या. परवाच सांगून गेल्या मला."

"मला नाही सांगितलं," मी म्हणालो.

गुरुजींनी लिहिता लिहिता मान वर केली. "तुला सांगू नका, असं काही त्या म्हणाल्या नाहीत," ते म्हणाले. "तुझा विषयच निघाला नाही."