हिवाळाभर वाट बंद

माझी लेक दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राचा अभ्यास करते. आता म्हणजे नेमकं काय, ते मला विचाराल तर पंचाईत. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचन घरीच झालं. मला कळलं ते एवढंच, की बर्फाला भोक पाडायचं, खालचं पाणी किती तापलं ते मोजायचं, बर्फाची जाडी लिहून ठेवायची. "दरसाल बर्फ उशिरा धरतोय गं आई," असं सांगताना तिचा चेहरा उतरायचा.

मागच्या खेपेला ती वर्षभरासाठी गेली. निघताना म्हणाली, "हिवाळाभर तिथून कुणालाच निघता येत नाही." मी हिवाळा धरला तो आपला, दिवाळी ते संक्रांत.

मे महिन्यात हे गेले. रावेरला केळीची पानं करपत होती. सकाळी मळ्यातून आले, पाणी मागितलं, मी तांब्या आणेपर्यंत सगळं संपलं. अग्नी लेकीनंच द्यायचा, असं त्यांनी भावकीला बजावून ठेवलेलं.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, काबरं थांबायचं? ऊन पाहा."

"भाऊजी, आता उन्हाळा आहे. तठचा बर्फ पातळ झाला असंल. येईल ती. उद्यापर्यंत थांबा."

बर्फाच्या लाद्या मीच मागवल्या. भुसा टाकला, गोणपाट टाकलं. मग दिरांनी फोन लावून दिला.

मी लेकीला सगळं सांगितलं, बर्फाच्या लाद्या मागवल्याचंही. मग ती म्हणाली, "आई, इथं आत्ता हिवाळा लागलाय. तुमचा उन्हाळा तो इथला हिवाळा. दिवाळीपर्यंत विमान नाही, जहाज नाही."

"काहीच नाही?"

"नाही. लाद्या किती जाड आहेत?"

मी वीत लावून सांगितलं.

"संध्याकाळपर्यंत राहणार नाहीत. बाबांना घेऊन जा."

अग्नी दिरांनी दिला. ह्यांना दुपारभर तसं ठेवलं, ते माझ्या मनातून जात नाही. लेक आली ती दिवाळीनंतर. मला एका शब्दानं बोलली नाही.

आता ती परत निघाली आहे. परवा तिच्यादेखतच मी दिरांना सांगितलं, "माझ्या वेळी कुणाची वाट पाहायची नाही. तिला नंतर कळवा."

"माझा नंबर आधी लागला म्हणजे?" दीर म्हणाले. कुणी हसलं नाही. लेक खाली मान घालून बॅगेत लोकरी मोजे भरत राहिली.