आधी पाणी, मग मजले

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत वाकून काम केल्यामुळे नळवाले काका ताठ उभे राहिले तरी खाली काहीतरी शोधत असल्यासारखे दिसत. असा माणूस नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, याचे गावाला नवल वाटले. त्यांना वाटले नाही. बायको गेल्यापासून त्यांना कशाचेच काही वाटेनासे झाले होते.

घडले ते असे. सांत्वनाला येणारी माणसे थोडा वेळ हळहळत, आणि बोलणे खुंटले की नळवाल्याच्या घरी जे बोलायचे तेच बोलू लागत: पाण्याला जोर नाही, नव्या इमारती सगळे ओढून घेतात, घरपट्टी मात्र चढतेच आहे. काका मान हलवत. एका संध्याकाळी शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "मग या खेपेला तुम्हीच उभे राहा." काकांची मान सवयीने हलली. दुसऱ्या दिवशी मास्तर उमेदवारीचा अर्ज घेऊन दारात. नाही म्हणायलाही अंगात बळ लागते. ते नव्हते, म्हणून काकांनी सही केली.

त्यांचे म्हणणे सरळ होते. पाण्याची मुख्य वाहिनी रुंद होईपर्यंत नव्या इमारतींना परवानगी नाही. त्या खर्चासाठी घरपट्टी वाढेल, आणि ज्याचे मजले जास्त त्याची जास्त वाढेल.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, 'वाढेल' हा शब्द मतदानानंतर काढायचा असतो."

"तेव्हा काढला तर फसवल्यासारखं होईल."

"त्यालाच तर उमेदवारी म्हणतात."

पण अडचण घरातच होती. पाण्याच्या टाकीमागे होऊ घातलेल्या इमारतीत मुलाने चौथ्या मजल्यावरचे घर ठरवले होते. सून गरोदर होती आणि राहते घर दोन खोल्यांचे.

"बाबा, आमच्या इमारतीची परवानगी अजून व्हायची आहे," मुलगा जेवताना म्हणाला. "तुम्ही निवडून आलात तर ती अडणार."

"वाहिनी झाली की मिळेल."

"कधी?"

"दोन वर्षं. फार तर तीन."

"म्हणजे बाळ इथंच चालायला शिकणार," सून म्हणाली. तक्रार नव्हती; ती भाजी वाढत होती. काकांनी ताट पुढे केले.

शेवटची सभा शाळेच्या सभागृहात झाली. मुलगा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पुढच्या रांगेतून बांधकाम ठेकेदाराचा मुकादम उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, टाकीमागच्या इमारतीचं काय? का ती घरची म्हणून सोडणार?"

"पाहू म्हणा," मास्तर कानाशी कुजबुजले. "नुसतं पाहू म्हणा."

"तीही थांबेल," काका म्हणाले. "तिथं चौथ्या मजल्यावर पाणी चढणार नाही. राहणाऱ्यांना बादल्या वाहाव्या लागतील."

"घ्या, घरचा आहेर!" कोणीतरी म्हणाले, आणि सभागृह हसले. आता आत कुठेतरी काही तुटेल म्हणून काका थांबून राहिले. काही तुटले नाही. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

सभा संपल्यावर बापलेक घराकडे निघाले.

"पाणी चढणार नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?" मुलाने विचारले.

"जागा पाहायला गेलो तेव्हाच कळलं. तुझ्या आईला सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढ्यात सांगू नका, खूश आहे तो. मग ती आजारी पडली."

मुलगा काही पावले पुढे गेला आणि थांबला. "मला विचारायला हवं होतंत. बादल्या वाहिल्या असत्या मी."

काकांना हे सुचलेच नव्हते. अशा वेळी बापाने मुलाच्या पाठीवर हात ठेवायचा असतो, हे त्यांना कळत होते. हात खिशातच राहिला.

"उद्या जाऊन त्या इमारतीतलं नाव काढून घेतो," मुलगा म्हणाला. दूध बंद करायला सांगावे तसा त्याचा आवाज होता.

सुनेने दार उघडले आणि दोघांच्या तोंडांकडे पाहिले.

"जेवण गरम करू?"

"कर," दोघेही म्हणाले.