राणीचं भिजत घोंगडं

इंग्लंडच्या त्या कुमारी राणीचा धडा दरवर्षी फेब्रुवारीत यायचा आणि त्याच्या आधी काही दिवस मी तो पुढे ढकलायची कारणं शोधायला लागायचे. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. इतिहासाची बाई, पस्तिशीला टेकलेली, कुवेतमध्ये एकटी राहून नोकरी करणारी, आणि घाबरते कुणाला, तर चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला. पण घाबरत होते खरी.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. जाब्रियातल्या एका इंग्रजी अभ्यासक्रमाच्या शाळेत मी शिकवायचे आणि मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत राहायचे. वर्गात कुवेती, इजिप्शियन, लेबनीज आणि आपल्याकडच्या, अशा सगळ्या मुली. परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: राणीने लग्न का केलं नाही? उत्तरही ठरलेलं होतं. परदेशी राजाशी केलं तर देश त्याच्या घशात जाणार. घरच्या सरदाराशी केलं तर बाकीचे सरदार जळून खाक होणार. नाहीच केलं तर वारस नाही, आणि वारस नाही म्हणजे तिच्या मागे मारामाऱ्या. पार्लमेंट हात जोडून विनवायचं, बाईसाहेब, आता तरी मनावर घ्या. बाईसाहेब गोड बोलायच्या, ना हो म्हणायच्या, ना नाही. युरोपभरचे राजपुत्र गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले, आणि ही सगळ्यांचं घोंगडं भिजत ठेवून खुशाल राज्य करतेय. एवढं लिहिलं की पैकीच्या पैकी गुण.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक कुवेती मुलगी हात वर न करताच म्हणाली, "मिस, मेबी शी वॉज जस्ट स्केअर्ड."

वर्ग हसला. मी म्हटलं, राण्या घाबरत नसतात, ते राजकारण होतं. आणि फळ्याकडे वळले, कारण माझा चेहरा मला त्यांना दाखवायचा नव्हता.

त्या मुलीचं बरोबर होतं. पुस्तकात सगळं होतं, फक्त वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं. बापाने आईचं मुंडकं उडवलं, ते एका धड्यात. एक सावत्र आई मुलगा देऊन बाळंतपणात गेली, ते दुसऱ्यात. जिने हिला माया लावली ती शेवटची सावत्र आई, तीही पुढे बाळंत होऊनच गेली, ते तळटीपेत. थोरल्या सावत्र बहिणीचं पोट दिसायला लागलं, पाळणा तयार झाला, मुलगा झाला अशी अफवा उठून चर्चच्या घंटासुद्धा वाजल्या, आणि मूल नव्हतंच. हे सगळं ओळीने मांडून बघा. मी मांडलं होतं. अशी मुलगी लग्नाला उभी राहील कशी?

मला ते मांडता आलं, कारण आमच्या घरात ताई होती. माझी एकुलती एक बहीण. मी कॉलेजात असताना ती पहिलटकरीण म्हणून पुण्याला माहेरी आली. एका दुपारी हॉस्पिटलात मुलगा झाला. सगळे बाळाच्या पाळण्याभोवती, नाक कुणाचं आणि हनुवटी कुणाची यावर आत्यांचे वाद चाललेले. बाबा पेढे आणायला गेले, आई खोलीत जा-ये करत होती. मी तिच्या उशाशी बसले होते, तर ती म्हणाली, "मला थंडी का वाजतेय गं?" मी चादर वर ओढली. चादरीखाली काय चाललंय ते मला कळलंच नाही. मग नर्स धावल्या, डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. रक्त थांबलं नाही. बाबा खोकी घेऊन जिना चढून आले तेव्हा ताई गेलेली होती. बाळ वाचलं, त्याच्या वडिलांकडे वाढलं, आता तर माझ्यापेक्षा उंच आहे. पण त्या दिवसापासून मूल होणं आणि मरणं या माझ्यासाठी वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. मी हे कुणालाही बोलले नाही. चांगली स्थळं यायची, मी शिक्षणाचं कारण सांगायचे, मग नोकरीचं. मग कुवेतला निघून आले.

इथेही सुटका नव्हती. चार मराठी माणसं जमली की बिनलग्नाची बाई त्यांना उघड्या नळासारखी दिसते, कुणीतरी उठून बंद केल्याशिवाय चैन पडत नाही. अशाच एका घरच्या गणपतीत एक गृहस्थ भेटले. नाशिकचे, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, मंगफला राहणारे. बायको दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, पदरी सात वर्षांची मुलगी. माणूस सज्जन. त्यांनी आडवळणं घेतली नाहीत, सरळ विचारलं, "तुमची हरकत नसेल तर आपण लग्नाचा विचार करू या का?"

मी म्हटलं, "विचार करते."

आणि मग वर्षभर विचारच करत राहिले. शुक्रवारी ते आणि लेक मला समुद्रावर न्यायचे. ती पोरगी माझ्याशी इंग्रजीत अखंड बडबडायची आणि चालताना माझं बोट धरायची. मला ती आवडायला लागली होती. तेही मला आवडायला लागले होते, हे आता लिहायला हरकत नाही. पण 'हो' म्हणायला तोंड उघडलं की मला ती चादर दिसायची. आई फोनवर म्हणायची, "अगं, असं किती दिवस भिजत ठेवणार? माणूस कंटाळेल." मी म्हणायचे, बघू. त्या राणीला हे अख्खा जन्म कसं जमलं कोण जाणे. मला एका वर्षात घाम फुटला होता.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला पुण्याला होते, तेव्हा माझ्या वर्गाचे निकाल लागले. पोरींनी कमाल केली होती. मी खुशीत येऊन पेढे घेतले. शाळेतल्या मास्तरणीला दुसरं काय सुचणार? निकाल लागला की पेढे. बॅग भरताना आईने आणखी एक खोकं त्यात कोंबलं. "त्यांच्याकडे दे," म्हणाली, "रिकाम्या हाताने जाऊ नये कुणाकडे." तिने ते सहज कोंबलं असं ती आजही म्हणते. माझा विश्वास नाही.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी मंगफला गेले. दार त्यांच्या आईंनी उघडलं. त्या व्हिजिट व्हिसावर नाशिकहून आल्या होत्या आणि मला पहिल्यांदाच बघत होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि खोकं पुढे केलं.

"पेढे?" त्या म्हणाल्या. "पुण्याहून? आईंनी दिलेत?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि आत वळून हाक मारली, "अरे, बाहेर ये. होकार आलाय."

मला पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. काकू, हे निकालाचे आहेत. एवढंच तर बोलायचं होतं. पण लग्नाचं विचारलेली मुलगी माहेराहून पेढे घेऊन दारात उभी राहते, तेव्हा मराठी घरात दुसरा कुठला अर्थ निघणार? मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नाशिकला फोन लावलासुद्धा. ते बाहेर आले, माझ्याकडे बघून असे हसले की निकालाचं सांगायचं राहूनच गेलं. पोरगी माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. तोवर त्यांच्या आई फोनवरून उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नारळ, तांदूळ, हळदीकुंकू आणि स्वतःच्या बॅगेतला एक खण घेऊन आल्या. मी सलवार-कमीझमध्ये होते. त्या म्हणाल्या, "ओढणी पसर." मी पसरली.

त्यांनी ओटी भरली. ओंजळ ओंजळ तांदूळ ओढणीत पडत होते आणि त्या म्हणत होत्या, "वर्षाच्या आत पाळणा हलू दे गं बाई. ही पोर गुणाची आहे, पण घराला मुलगा हवा. एकदा नातवाचं तोंड बघितलं की मी सुटले."

नातवंडाचं नव्हे, नातवाचं. इंग्लंडची ती राणी जन्मली तेव्हा मुलगा होणार म्हणून ठरवलेले उत्सवाचे खेळ बापाने रद्द केले होते, हे मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि मुली हसायच्या. इथे सात वर्षांची मुलगी माझ्याशेजारी उभी राहून सगळं ऐकत होती, आणि मला तिच्याकडे बघायचंही सुचलं नाही. मला फक्त माझ्या जिवाची भीती वाटत होती. ओढणीतला नारळ जड लागत होता. हा नारळ पोटात वाढेल आणि एक दिवस मला थंडी वाजायला लागेल, असं काहीतरी वेडंवाकडं डोक्यात आलं. कशीबशी खुर्चीवर बसले. आई म्हणाल्या, "लाजतेय."

संध्याकाळी ते मला मिरकाबला सोडायला निघाले. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. गाडी हायवेला लागली आणि मी बोलायला सुरुवात केली, समोर बघत. पेढे निकालाचे होते हे सांगितलं. ताईचं सांगितलं. चादरीचंही सांगितलं, जे त्याआधी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग हळूच म्हणाले, "आता तसं काही होत नाही हो. इथे डॉक्टर चांगले आहेत. तुमच्या शाळेजवळच किती मोठी हॉस्पिटलं आहेत."

"तिथलेही डॉक्टर चांगलेच होते," मी म्हटलं.

गाडी सिग्नलला थांबली.

"आणि मूल नकोच असं मी म्हटलं तर?" मी विचारलं. "लग्न करू, पण मूल नको. आपल्याला ही आहेच की."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्यांनी गिअर टाकला आणि म्हणाले, "मग आईला काय सांगू?"

ते दुष्ट नव्हते. तेही आपल्या परीने कात्रीत सापडलेले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी जिवाच्या भीतीबद्दल बोलत होते आणि ते आईला तोंड कसं द्यायचं याबद्दल बोलत होते, आणि त्या क्षणी माझं वर्षभराचं घोंगडं एकदाचं वाळलं.

"सांगा, ती नाही म्हणाली," मी म्हटलं.

मिरकाबला मी उतरले तेव्हा दार लागल्याच्या आवाजाने पोरगी जागी झाली. काच खाली करून तिने विचारलं, "आर यू कमिंग नेक्स्ट फ्रायडे?" मी तिचे केस नीट केले आणि जिना चढून वर गेले. त्या रात्री रडले ते तिच्यासाठी. नकार दिल्याचं दुःख होतं, पण त्याच्या आड जी सुटका वाटत होती तिचीच मला जास्त भीती वाटली. आपण बाईच नाही की काय, असं वाटत राहिलं.

आईने महिनाभर अबोला धरला. नंतर बोलायला लागली, पण प्रत्येक फोनच्या शेवटी तो विषय यायचाच. चांगला माणूस घालवलास. कशापायी घालवलास ते तरी सांग. मी सांगितलं नाही. तिला ताईची आठवण करून द्यायला माझी जीभ रेटत नव्हती.

फेब्रुवारीत धडा आला. या वेळी मी विखुरलेलं सगळं फळ्यावर ओळीने लिहिलं आणि मुलींना म्हटलं, आता सांगा. कुणी हसलं नाही. ती कुवेती मुलगी पुढच्या वर्गात गेली होती, नाहीतर तिला सांगितलं असतं, तू म्हणालीस तेच खरं.

पुढे मंगफच्या त्यांचं लग्न झाल्याचं कळलं, नाशिकचीच मुलगी. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि एका सुट्टीच्या सकाळी आईचा फोन आला. आवाजात ती जुनी नाराजी होतीच.

"ऐकलंस का? मंगफच्या त्यांना मुलगा झाला. बायकोला बाळंतपणाला नाशिकला आणलं होतं. त्यांच्या मावशींनी सांगितलं. गोरा आहे म्हणे, जावळ भरपूर, वजनही चांगलं आहे. आजी तर हवेत आहे. हे सगळं तुझं असतं गं."

"आणि ती?" मी विचारलं.

"ती कोण?" आई म्हणाली.

"बाळंतीण," मी म्हटलं. मग आई काहीतरी पुटपुटली आणि फोन बंद झाला.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. कधीही न पाहिलेल्या त्या बाईसाठी माझं अंग थंड पडत होतं. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"बरी आहे," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "मी थेट त्यांच्याच घरी फोन लावला. तिला स्वतःला फोनवर बोलवा म्हटलं, त्याशिवाय ठेवणार नाही म्हटलं. बोलली माझ्याशी. बरी आहे. जेवलीये."

मग ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "थंडी वाजत नाही ना, तेही विचारलं मी."

ते वाक्य मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी ताईने ते तिलाही म्हटलं असणार.