हौसा म्हणणारा व्हॅम्पायर

भूतखेत, लागिर असलं मी कधी मानलं नाही. घोटावड्याला सून म्हणून आले तेव्हापासून तिन्हीसांजेला एकटी शेतावरून यायचे, कधी काही दिसलं नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय. शाळा चौथीपर्यंतच, बाकी वाचून वाचून शिकले, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या वरच्या खोल्या आयटीतल्या मुलींना भाड्याने दिल्यात. त्यातली वैष्णवी लातूरची. ती मोबाईलवर एका अ‍ॅपवर गोष्ट लिहायची... व्हॅम्पायरची. आपला वेताळ नव्हे हं — देखणा, मऊ बोलणारा, तीनशे वर्षांचा, माणसांचं रक्त पिऊन गावंच्या गावं संपवलेला. आणि नायिका, अवनी, त्याच्यावरच जीव टाकते. रविवारी दुपारी ती वाचून दाखवायची, मी लसूण सोलत ऐकायचे. त्याला लसूण चालत नाही म्हणे! मलाही आवडायचा तो मेला, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी तिने वाचलं — सोडून गेलेला तो परत येतो, मागच्या दाराशी उभा राहतो आणि म्हणतो, "हौसा, मी बदललोय. एकदा दार उघड."

माझा हात थांबला. ही हौसा कोण, विचारलं. तर म्हणे, तो अवनीला लाडाने म्हणतो, नाव असंच सुचलं.

हौसा माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर 'सुमन' लिहिलं, तेव्हापासून कागदावर, गावात, मी सुमनच. हौसा फक्त आमचे मालक म्हणायचे. तेही मला मारून, दुसऱ्या बाईकडे राहून परत आले की, मागच्या दाराशी उभे राहून. शब्द हेच. माझ्या पोरांनाही हे ठाऊक नाही आणि मालकांना जाऊन वीस वर्षं झाली.

अवनी दार उघडणार का, मी विचारलं. वाचणाऱ्या सगळ्या मुली 'उघड' म्हणतायत, असं वैष्णवी म्हणाली. मग मोबाईल पालथा ठेवून हळूच सांगितलं — बावधनचा एक मुलगा, हात उचलायचा, म्हणून ती इकडे राहायला आलेली. आता त्याचा रोज मेसेज, बदललोय, पुढच्या रविवारी न्यायला येतो. हिने बॅगही भरायला घेतली होती.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तीनदा दार उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं, त्याच आठवड्यात हा डावा कान गेला.

"आणि चौथ्यांदा?"

"न्हाई उघडलं. आत बसून ऱ्हायले."

"प्रेम संपलं होतं, आजी?"

"न्हाई गं पोरी. प्रेम हुतं तेवढंच हुतं. दार न्हाई उघडलं, बास."

रविवारी भर दुपारी तो मुलगा आला. देखणा होता, मला वाकून नमस्कारही केला. वैष्णवी अर्धा जिना उतरली, कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी येणार नाही. तू जा." तो बराच वेळ गाडीला टेकून उभा होता, मग गेला. ती पायरीवर बसून खूप रडली आणि वर जाऊन बॅग रिकामी केली.

ते नाव तिला कुठून सुचलं, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. तिच्या घरात कुणी हौसा नाही, लातूरला आमचं कुणी नाही, माझ्या आधारकार्डावरही ते नाव नाही. तिलाही सांगता येत नाही. गोष्टीतलं नाव बदलू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या नावाने हाक मारली होती, आणि मला... बरं वाटलं होतं.