कॅलेंडरवरचे दोन गोल

शेजारच्या सावंतांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लागोपाठच्या दोन तारखांना लाल गोल आहेत. ते मीच केले आहेत.

त्यांचा समीर परदेशी शिकायला गेला. नागरिकत्व लवकर मिळेल म्हणून तिथल्या सैन्यात शिरला आणि तेविसाव्या वर्षी तिसऱ्याच देशातल्या लढाईत मारला गेला. सैन्याच्या पत्रात मंगळवार लिहिला होता, पण तो त्यांच्याकडचा मंगळवार. आपल्याकडे तेव्हा बुधवार उजाडला होता. मग वर्षश्राद्धाची तिथी षष्ठी की सप्तमी? आमच्या सोसायटीत आकडेमोड माझ्याकडे येते, तशी हीही आली. पंचांग घेऊन तासांचा फरक मांडला, दोनदा तपासला. सप्तमी आली. पण पत्रातली वेळ तो गेला तेव्हाची, की तो कुणाला सापडला तेव्हाची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.

"दिवस चुकला तर उपाशी राहील हो भाऊजी तो," सावंतवहिनी म्हणाल्या. "दोन्ही दिवशी पान वाढते. शाळेतून आला की दारातूनच ओरडायचा, वाढ म्हणून. त्याला कुठला धीर!"

माणूस किती लांब गेला ते मैलांत मोजतात, असं मी समजत होतो. ज्याच्या मरणाचा वारही आईला शेजाऱ्याला विचारावा लागतो, त्याचं अंतर मला मांडता येत नाही.

आज पहिला गोल. गच्चीवर पान ठेवलं, कावळ्याने लगेच घास उचलला.

"उद्याही ये रे," वहिनी म्हणाल्या.