मोरितासानांनी मान लववली

बार्बाडोस कुठे आहे हे सांगून सांगून शनेलची जीभ झिजली होती. जपानमधल्या ग्योतोकुच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची, आणि वर्गातल्या नकाशावर तिचं बेट मुलांच्या करंगळीखाली झाकलं जायचं. त्या बेटावर ती शाळकरी वयातच मुलींमध्ये बुद्धिबळाची विजेती झाली होती. इथे मात्र तिच्याशी बुद्धिबळ खेळायला जवळपास कुणी नव्हतं. मग बिचारी स्टेशनजवळच्या क्लबात म्हाताऱ्यांबरोबर शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळत बसायची. तिथे हरणारा पटापुढे मान लववतो आणि डाव संपतो. बोलणं फारसं नसायचंच. कधीकधी अख्खा रविवार तिला स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही.

म्हणून कोतोमधल्या बुद्धिबळ स्पर्धेवर तिची सगळी भिस्त होती. शेवटचा डाव जिंकला तर तिचं रेटिंग बार्बाडोसच्या संघात बसण्याइतकं होणार होतं. संघात म्हणजे आपल्या माणसांत.

समोर होते मोरितासान, सत्तरीचे. शनेलचा वजीर त्यांच्या राजाच्या दाराशी जाऊन उभा होता. तेवढ्यात मोरितासानांना ठसका लागला आणि त्यांनी मान लववली. झालं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शनेलही वाकली, घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. मोरितासान गोंधळले, पण त्यांनी हात हातात घेतला. बुद्धिबळात असा हात पुढे करणारा हार मानतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. शोगीच्या सवयीत ती ते विसरली. त्यांनी लिहिलेल्या निकालाखाली तिनं न वाचताच सही ठोकली.

पंच होता सुशांत, पुण्याहून आलेला इंजिनिअर. त्यानं निकाल पाहिला.

"तुम्ही रिझाइन केलंत?"

"मी? त्यांनी केलं. मान लववली ना."

मोरितासानांचा चेहरा उतरला. त्यांनी तर ठसक्याबद्दल माफी मागितली होती. ते सुशांतला जपानीत काहीतरी बोलले.

"मोरितासान म्हणताहेत, मीच हरलो असं लिहा. तुम्ही हो म्हणा, मी रिझल्ट बदलतो."

शनेलनं पटाकडे पाहिलं. आत्ता कुठे तिला दिसलं: मोरितासानांच्या घोड्याचा एक शह, आणि तिचा वजीर गेला असता. ते हरलेलेच नव्हते.

"नको," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे."

तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

स्टेशनवर तिनं आईला फोन लावला. तिकडे पहाट व्हायची होती, तरी आई जागीच होती.

"जिंकलीस?"

"हरले." मग तिनं झालेलं सगळं सांगितलं.

"कुणी मान लववली म्हणून तू खेळ थांबवलास?" आई म्हणाली. "असं कसं, पोरी?"

हे समजेल असं बेटावर कुणी नव्हतं, आणि ज्याला सांगावं असं इथे कुणी नव्हतं.

"सॉरी, मम्मी," म्हणताना ती भर फलाटावर कमरेतून वाकली, पार खाली. आईला ते दिसणार नव्हतं.